मोठी संख्या मूळ आहे का: फर्मा कसोटी की मिलर-राबिन?

फर्मा कसोटी सोपी. विषम संख्या न घ्या. २ च्या (न−१) व्या घाताला न ने भागून बाकी १ आली नाही, तर न नक्की संयुक्त. १ आली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही. ५६१ = ३×११×१७ ही कार्मायकेल संख्या: २ च्या जागी तिच्याशी सहमूळ (१ सोडून सामाईक अवयव नसलेला) कोणताही पाया घ्या, बाकी १च.

मिलर-राबिनमध्ये न−१ म्हणजे ५६० = १६×३५ असे फोडून २ च्या ३५ व्या घाताला ५६१ ने भागून बाकी काढायची, मग तिचा वर्ग करून पुन्हा बाकी काढत जायचे: २६३, १६६, ६७, १. ५६१ मूळ असती तर एकच्या आधी ५६०, म्हणजे (५६१ ने भागताना) −१, यायला हवे होते; आले ६७. संख्या संयुक्त! शिवाय ६७−१ = ६६ आणि ५६१ यांचा मसावि ३३, म्हणजे अवयवही हाती.

खर्च जवळपास तेवढाच, म्हणून मिलर-राबिनच वापरावी. ६४ बिटांपर्यंत २ ते ३७ हे १२ मूळ पाये पुरतात. गुणाकार १२८ बिटांत करा, नाहीतर ओव्हरफ्लो होऊन (उत्तर ठरलेल्या बिटांत न मावून चुकून) खरी मूळ संख्याही संयुक्त ठरेल.