सात रस्त्याजवळची रक्त तपासणी प्रयोगशाळा: आमचा अनुभव

माझा धाकटा भाऊ टांझानियातील म्वांझा येथे तीन महिने काम करून सोलापूरला परतला आणि नवव्या दिवशी त्याला थंडी वाजून ताप भरला. घराजवळच्या एका केंद्रात केलेल्या सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, प्लेटलेट 62,000 निघाल्या. डेंग्यूचे दिवस असल्यामुळे घरात सर्वांनी डेंग्यूच गृहीत धरला, आणि त्या केंद्रानेही यंत्राचे आकडे छापून देण्यापलीकडे काही केले नाही. आमच्या डॉक्टरांनी मात्र सात रस्त्याजवळच्या या प्रयोगशाळेत पाठवले.

येथे रक्त घेण्यापूर्वीच गेल्या वर्षभरात प्रवास कुठे झाला, तळ्यात किंवा नदीत उतरला होतात का, असे विचारून उत्तरे अर्जावर लिहून घेतली. मला हीच या जागेची सर्वांत मोठी गुणवत्ता वाटते, कारण प्रवासाची माहिती नसेल तर रक्तातील बदल फसवतात. प्लेटलेट डेंग्यूत उतरतात तशाच हिवतापातही उतरतात, आणि पांढऱ्या पेशी दोन्हींत कमी असू शकतात. डेंग्यूत रक्तद्रव वाहिन्यांबाहेर झिरपल्याने हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, वाढू शकते, तर हिवतापात तांबड्या पेशी फुटून हिमोग्लोबिन खाली येते. पण खात्री करायची तर स्लाईडच पाहावी लागते.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी काचेवर पसरलेल्या रक्ताचे जाड आणि पातळ असे दोन्ही लेप स्वतः पाहिले. जाड लेपात थोडेसे परजीवीही सापडण्याची शक्यता जास्त असते आणि पातळ लेपावरून त्यांची जात ओळखता येते, असे त्यांनी समजावून सांगितले. त्या संध्याकाळी काहीच दिसले नाही, तरीही त्यांनी हिवताप नाही असे न लिहिता बारा तासांनी पुन्हा नमुना द्यावा, अशी स्पष्ट सूचना अहवालात केली. सकाळच्या लेपात फाल्सिपेरम या हिवतापाच्या घातक परजीवीची वलये दिसताच, छापील अहवालाची वाट न पाहता त्यांनी डॉक्टरांना फोन केला आणि भाऊ दुपारपर्यंत रुग्णालयात दाखल झाला.

सहा आठवड्यांनी केलेल्या तपासणीत प्लेटलेट पूर्ववत झाल्या होत्या, पण इओसिनोफिल या प्रकारच्या पांढऱ्या पेशी 1,400 होत्या. साधारणपणे त्या 500 च्या आत असतात. हिवतापातून बरे होताना त्या काही काळ वाढू शकतात, परंतु इतकी वाढ जंतांच्या संसर्गाकडेही बोट दाखवते, असे सांगून मॅडमनी पहिल्या दिवशीचा अर्ज काढला. भाऊ व्हिक्टोरिया सरोवरात पोहला होता आणि त्या गोड्या पाण्यात शिस्टोसोमा या परजीवी जंताच्या अळ्या त्वचेतून शरीरात शिरतात. शौचाच्या तपासणीत अंडी सापडली आणि प्राझिक्वांटेल या जंतांवरील औषधाचे उपचार झाले. तो अर्ज भरलाच गेला नसता तर वाढलेल्या आकड्याला ॲलर्जी समजून आम्ही स्वस्थ बसलो असतो.

उणिवाही आहेत. प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, तापाने गळून गेलेल्या माणसाला तो जिना चढणे फार जड जाते. रविवारी संध्याकाळी लेप पाहणारे कोणी नसते, ही अडचण त्यांनी खरोखर सोडवायला हवी.

भाऊ पुढच्या महिन्यात पुन्हा म्वांझाला निघाला आहे. जाण्यापूर्वीची सीबीसी आम्ही याच ठिकाणी करून घेतली, म्हणजे परतल्यावर तुलनेसाठी त्याचे स्वतःचे आकडे हाताशी असतील.