‘रिदम इज अ डान्सर’ की ‘व्हॉट इज लव्ह’? यादीत एकच जागा असेल तर

कार्यक्रमात वाजवायच्या नव्वदीच्या गाण्यांची यादी भरत आली की युरोडान्सला, म्हणजे त्या काळच्या युरोपीय इलेक्ट्रॉनिक नाचगाण्यांना, एखादीच जागा उरते. लॉनवरचा कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद, म्हणून तीही कापली जाण्याच्या बेतात असते. त्या जागेवर दोन गाणी हमखास हक्क सांगतात : स्नॅपचं ‘रिदम इज अ डान्सर’ (१९९२) आणि हॅडवेचं ‘व्हॉट इज लव्ह’ (१९९३). दोन्ही जर्मनीत तयार झालेली, दोन्ही मायनर म्हणजे उदास छटेच्या स्वरपट्टीत, दोन्हींचा वेग मिनिटाला १२४ ठोके. कागदावर जुळी भावंडं वाटतात, पण स्पीकरवर आली की दोघांचा स्वभाव वेगळा निघतो. मिश्र वयाची, अर्धी बसलेली, अर्धी जेवणारी मंडळी असतील तर ‘व्हॉट इज लव्ह’ घ्यावं. लोक आधीच नाचत असतील तर ‘रिदम’.

घडण

‘रिदम’ फ्रँकफुर्टचं. मिखाएल म्युंत्सिंग आणि लुका आन्झिलोटी हे निर्माते बेनितो बेनितेस आणि जॉन ‘व्हर्गो’ गॅरेट तिसरा या टोपणनावांनी काम करत. स्नॅप हा बँड नव्हेच, तो या दोघांचा प्रकल्प. गायक-गायिका गाण्यानुसार बदलत. इथे थिया ऑस्टिनचा आवाज आणि टर्बो बीचा रॅप आहे. बाईने उंच सुरात धृवपद गायचं आणि पुरुषाने मधे रॅप करायचा, हा युरोडान्सचा ठरलेला साचा इथे अगदी स्वच्छ दिसतो. गाण्याची ओळख बनलेली सिंथची (सिंथेसायझरची) सुरावट मात्र उसनी आहे. ती न्यूक्लिअस या अमेरिकन गटाच्या ‘ऑटोमॅन’मधून घेतली आहे.

‘व्हॉट इज लव्ह’ कोलोनच्या कोकोनट रेकॉर्ड्सचं. बॅड बॉईज ब्लू हा गट ज्यांनी घडवला, त्याच टोनी हेंड्रिक आणि कारिन हार्टमान या जोडीचं हे काम. श्रेयनामावलीत मात्र डीडी हॅलिगन आणि ज्युनिअर टोरेलो अशी नावं दिसतात, म्हणजे टोपणनावांची हौस इथेही आहेच. त्रिनिदाद-टोबॅगोत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला आणि पुढे कोलोनला आलेला नेस्टर अलेक्झांडर हॅडवे सगळं गाणं एकटा पेलतो. रॅप नाही, बाईचं धृवपद नाही. युरोडान्समधली बहुतेक गाणी नाचायला सांगतात. हे गाणं प्रेमात दुखावलेल्या माणसाची तक्रार आहे. नाचणाऱ्या पायांवर रडवेला गळा बसवलाय, आणि म्हणूनच न नाचणाराही ते गुणगुणतो.

तेव्हाचं स्वागत, नंतरचं नशीब

लोकप्रियतेच्या तक्त्यांवर ‘रिदम’ सरळ पुढे आहे. ब्रिटनमध्ये ते सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं आणि १९९२ मध्ये तिथे सर्वाधिक खपलेल्या सिंगल्समध्ये दुसरं ठरलं. जर्मनीत दहा आठवडे पहिलं, अमेरिकेच्या हॉट १०० या तक्त्यात पाचव्या क्रमांकापर्यंत. ‘व्हॉट इज लव्ह’ ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत दुसऱ्यावर अडकलं, अमेरिकेत अकराव्यापर्यंत गेलं. नुसते आकडे बघून निवड करणारा इथेच फसतो, कारण नंतरची तीस वर्षं या आकड्यांत नाहीत.

१९९६ पासून अमेरिकेच्या ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या टीव्ही कार्यक्रमात विल फेरेल आणि ख्रिस कॅटन यांचं एक विनोदी प्रहसन येऊ लागलं. चकचकीत सूट घातलेले दोन भाऊ ‘व्हॉट इज लव्ह’वर ठेक्यात मान हलवत क्लबमागून क्लब पालथे घालतात. १९९८ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. तेव्हापासून या गाण्याला एक फुकटची स्टेप मिळाली : मान डावी-उजवीकडे टाकायची, बस्स. खुर्चीत बसलेल्या काकांनाही ती जमते. २०२३ मध्ये डेव्हिड गेटा, अ‍ॅन-मरी आणि कॉय लेरे यांच्या ‘बेबी डोन्ट हर्ट मी’ने मूळ धृवपदातली तीच ओळ पुन्हा वर आणली. त्यामुळे विशीतल्यांना मूळ गाणं माहीत नसलं तरी धृवपद पाठ असतं. ‘रिदम’लाही असा पुनर्जन्म लाभला. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या पाण्याच्या बाटलीच्या जाहिरातीत एक कठपुतळी त्यावर नाचली. पण तो ब्रिटनपुरताच राहिला.

‘रिदम’ला एक डागही चिकटला आहे. टर्बो बीच्या रॅपमध्ये स्वतःच्या गांभीर्याची तुलना कर्करोगाशी करणारी एक ओळ येते. पॉपमधल्या सर्वांत वाईट ओळींच्या याद्या निघतात तेव्हा ही ओळ त्यांत असतेच. क्लबमध्ये तिच्याकडे कुणी फिरकून बघत नाही. एकसष्टी, लग्नाचा वाढदिवस, रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचं स्नेहसंमेलन अशा ठिकाणी मात्र ती टाळलेली बरी. त्यासाठी रॅप सुरू होण्याआधी एक क्यू पॉइंट (गाण्यात उडी मारायची खूण) लावायचा आणि रॅप संपून पुन्हा धृवपद येतं तिथे दुसरा. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी मारताना ती आठ मात्रांच्या गटाच्या सुरुवातीलाच पडली पाहिजे. मधेच मारली तर बेसड्रम सलग राहतो, पण स्वरांचं चक्र तुटतं आणि नाचणाऱ्यांचा पाय अडखळतो.

वाजवताना

१२४ च्या वेगात चार मात्रांचा एक बार १.९ सेकंदांचा, सोळा बार साधारण ३१ सेकंदांचे. ‘रिदम’ हळूहळू चढतं. सुरुवातीचं सिंथ पसरत जातं आणि ओळख पटायला वेळ लागतो, म्हणून आधीच्या गाण्याच्या शेवटावर ते सोळा बार सावकाश मिसळता येतं. ‘व्हॉट इज लव्ह’च्या रेडिओवर वाजणाऱ्या व्हर्जनमध्ये ड्रमआधीच गळा येतो. त्यावर लांब मिक्स करायला गेलात तर आधीच्या गाण्याचे शब्द आणि हॅडवेचे शब्द एकमेकांवर चढतात. आधीचं गाणं बारच्या शेवटी सरळ तोडा, क्षणभर शांतता जाऊ द्या आणि तो प्रश्न एकटा ऐकू येऊ द्या. पहिल्या तीन शब्दांतच हॉल गाऊ लागतो.

ड्रमशिवाय सुरू होणाऱ्या याच भागामुळे सॉफ्टवेअरची बीटग्रिड (गाण्यावर आखलेली मात्रांची जाळी) बऱ्याचदा घसरते. वेग १२४ बरोबर ओळखला जातो, पण ‘पहिली मात्रा’ भलतीकडे धरली जाते. पहिल्या ठसठशीत बेसड्रमवर ग्रिड हाताने बसवली की पुढे काही बघावं लागत नाही. तबकडीवरून उतरवलेल्या फाइलचा वेग मात्र किंचित हलत राहतो, तिथे एका जागी ग्रिड बसवून भागत नाही.

दोन्ही गाणी वाजवायची संधी मिळालीच, तर आधी ‘व्हॉट इज लव्ह’, मग ‘रिदम’. पहिलं जी मायनरमध्ये, दुसरं ए मायनरमध्ये. पेटीच्या भाषेत पांढरी पाचवरून पांढरी सहावर जाता, आणि एक पूर्ण स्वर वर गेल्याने हॉलचा उत्साह चढतो. उलट क्रमात तो उतरतो. फक्त दोन्हींचे सूर एकमेकांवर घालू नका, बेसूर लागेल; बदल निव्वळ ड्रमवर करा. वेग वाढवून सूर जुळवण्याचा विचारही नको. दोन अर्धस्वरांसाठी सुमारे १२ टक्के वेग वाढवावा लागतो, टर्नटेबलच्या नेहमीच्या ८ टक्क्यांत तो बसत नाही आणि गाणं १३९ वर पळू लागतं. सॉफ्टवेअरच्या की-शिफ्ट या सोयीने वेग न बदलता सूर चढवता येतो, पण हॅडवेचा भरदार आवाज चिमटा काढल्यासारखा बारीक होतो. नंतर कोरोनाचं १२८ चं ‘द रिदम ऑफ द नाइट’ लावायचं असेल तर साडेतीन टक्क्यांच्या आतच काम होतं.

ऑर्केस्ट्रा असेल तर प्रश्नच नाही, ‘व्हॉट इज लव्ह’ घ्या. जी मायनर, बी फ्लॅट मेजर, डी मायनर, एफ मेजर या चार कॉर्डचं चक्र फिरवत राहिलं की कीबोर्डवाल्याचं काम झालं. ‘रिदम’ला थिया ऑस्टिनसारखा ताकदीचा आवाज, रॅप करणारा आणि नेमका तो सिंथचा आवाज असं तिन्ही लागतं. यातलं एक जरी कमी पडलं तरी शाळेच्या गॅदरिंगचा रंग येतो.

फाइल घेताना

दोन्ही गाण्यांच्या नावावर ढीगभर नकला फिरतात : नव्याने गायलेली व्हर्जन, भलत्याच गायकांची ‘ट्रिब्यूट’, आणि अधिकृत रीमिक्सही. २००३ चं सीजे स्टोनसोबतचं ‘रिदम’ किंवा २००९ मध्ये क्लास नावाच्या डीजेने केलेलं ‘व्हॉट इज लव्ह’ ऐकायला वाईट नाही, पण ज्यांना मूळ आठवतं ते दोन ओळींतच खट्टू होतात. नाव वाचून थांबू नका, पूर्ण ऐका. व्हिडिओ साइटवरून ओढलेल्या हलक्या फाइलमध्ये १६ किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं कापलेलं असतं. मोबाइलवर ते कळत नाही, मोठ्या स्पीकरवर हाय-हॅट वाळू चाळल्यासारखी लागते.

शिवाय त्या काळच्या सीडी आजच्या गाण्यांपेक्षा हळू आवाजात मास्टर केलेल्या आहेत, आणि त्यांत खोल बेस कमी. आजच्या जड बेसच्या गाण्यापाठोपाठ ती लावली की पोकळ वाटतात. अशा वेळी हात आपोआप बेसच्या नॉबकडे जातो. त्याऐवजी आधी गेन (येणाऱ्या आवाजाची पातळी) वाढवून दोन्हींची पातळी मीटरवर जुळवा, बेस लागलाच तर थोडासा. जास्त दिलात तर बेसड्रम आणि बेसगिटारसारखी वाजणारी सिंथची ओळ एकमेकांत मिसळून गढूळ होतात, आणि ‘रिदम’मध्ये हे लवकर जाणवतं.