उंच रायडरसाठी: सीट वाढवायची, स्प्रिंग बदलायची की गाडीच उचलायची?

माझी उंची सहा फूट दोन इंच आणि वजन ९२ किलो. ताम्हिणी उतरून माणगावला पोचेपर्यंत माझे गुडघे आखडलेले असायचे, खड्ड्यात मागचा शॉकअप ठोक खाऊन बसायचा आणि चहाला थांबलो की कोणीतरी हमखास म्हणायचं, "तुझ्या उंचीला ही गाडी बुटकी आहे, उचलून घे." मी उचलून घेतली. गुडघे तसेच दुखत राहिले. म्हणून हा खटाटोप, की तुम्ही पैसे घालायच्या आधी कोणता बदल नेमकं काय देतो ते समोरासमोर मांडावं.

घोळ होतो तो 'उंची' या एकाच शब्दामुळे. गाडीला तीन वेगळ्या उंच्या असतात. जमिनीपासून सीट किती वर आहे, ही पहिली. सीटपासून फुटपेग, म्हणजे पाय ठेवायची दांडी, किती खाली आहे, ही दुसरी. आणि जमिनीपासून इंजिनाखालची प्लेट किती वर आहे, म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स, ही तिसरी. बुटक्या माणसाला पहिली नडते, कारण पाय टेकत नाहीत. उंच माणसाला नडते ती दुसरी. पण शोरूममध्ये आणि माहितीपत्रकात आकडा दिसतो तो पहिलीचाच, आणि आपण त्यावरच गाडी निवडून बसतो.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हीरोच्या एक्सपल्स २०० ४व्ही या गाडीत सापडतं, कारण कंपनीनेच ती बुटकी आणि उंच अशा दोन रूपांत विकली. साध्या गाडीची सीट ८२५ मिमीवर, २०२३ साली आलेल्या उंच रूपाची, म्हणजे प्रोची, ८९१ मिमीवर. फरक ६६ मिमी, म्हणजे अडीच इंचांहून जास्त. ऐकून कुणालाही वाटेल की उंच माणसाचं भलं झालं. आता ग्राउंड क्लिअरन्स बघा: साधीचा २२०, प्रोचा २७०. म्हणजे ६६ पैकी ५० मिमी अख्खी गाडीच वर गेली आहे, आणि फ्रेमला लावलेले फुटपेग तिच्याबरोबर वर गेले. गुडघ्याच्या वाट्याला ढोबळमानाने १६ मिमी उरतात, तेही सस्पेन्शनमुळे नाही, तर सीट जाड आणि सपाट आहे म्हणून.

त्याच्या शेजारी रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० ठेवा. तिची सीट ८२५ वरून ८४५ मिमीवर बसवता येते. फरक फक्त २० मिमी, पण तो सगळाच्या सगळा सीट आणि फुटपेगच्या मध्ये पडतो. पैसे शून्य, वेळ पाच मिनिटं. गुडघ्याचा हिशेब केला तर हे २० मिमी त्या ६६ मिमीपेक्षा जास्त आहेत. मला हे गणित आधी कुणी मांडून दाखवलं असतं तर माझा एक पावसाळा वाचला असता.

फक्त बसण्याची जागा बदलली तर

दुखणं गुडघ्याचं, मांडीचं किंवा कंबरेचं असेल तर इथेच थांबा. सीटमध्ये ३० मिमीचा घट्ट फोम भरून घेणं हे काम कुठलाही चांगला कुशनवाला अर्ध्या दिवसात करतो. फोम मात्र दाट सांगायचा. मऊ फोम दुकानात बोटाने दाबून छान वाटतो आणि ९० किलोच्या माणसाखाली महिन्याभरात बसतो. पुढचा भाग फार रुंद ठेवू नका, सिग्नलला पाय खाली घेताना मांडी अडते. मागचा भाग पुढच्यापेक्षा किंचित वर असेल तर ब्रेक मारताना तुम्ही टाकीवर सरकत नाही.

सीट वर गेली की हँडल त्या मानाने खाली जातं, आणि गुडघ्याचं दुखणं मनगटात आणि खांद्यात येऊन बसतं. म्हणून सोबत २० ते २५ मिमीचे रायझर, म्हणजे हँडल वर उचलणारे ठोकळे, लागतात. ते लावल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून बघा. क्लचची केबल ताणली जाऊ नये, ब्रेकची नळी कुठे अडकू नये, आणि वळवताना इंजिनाचा आवाज चढू नये. आवाज चढला तर ॲक्सिलरेटरची केबल ओढली जाते आहे, तशी गाडी रस्त्यावर आणायची नाही. उभं राहून चालवणाऱ्याला रायझरचा उपयोग बसून चालवणाऱ्यापेक्षा जास्त होतो, कारण उंच माणूस पेगवर उभा राहिला की पाठीतून वाकतो.

तिसरा उपाय फुटपेग खाली घेण्याचा. गुडघ्याला तो सीटइतकाच सुख देतो आणि सीट आहे तिथेच राहते. एक्सपल्समध्ये २०२३च्या बदलात कंपनीने पेग खाली आणि मागे नेले, यातच त्याचं महत्त्व कळतं. फक्त वळणात आणि दगडांत ते आधी घासतात, आणि गिअरचा लिव्हर पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

सॅग मोजल्याशिवाय सस्पेन्शनला हात नको

आता दुसरं दुखणं: गाडी मागे बसते, घाटात ब्रेक लावला की पुढून खोल जाते, खड्ड्यात ठोका बसतो. इथे कारण तुमची उंची नाही, वजन आहे. उंच माणसं बहुधा जड असतात, आणि गाडीची स्प्रिंग सर्वसाधारण वजनाच्या माणसाला धरून दिलेली असते, जे कंपनीच्या बाजूने रास्तच आहे. वर उंच माणसाचा भार जास्त वरून पडतो, त्यामुळे ब्रेक मारल्यावर पुढचा फोर्क, म्हणजे पुढच्या चाकाचं सस्पेन्शन, अजून दबतो.

सॅग म्हणजे वजनाने सस्पेन्शन किती दबतं ते. मोजायला टेप आणि दोन मित्र पुरेत. मागच्या चाकाच्या ॲक्सलपासून सरळ वर शेपटीवर चिकटपट्टीची खूण करा. चाक अधांतरी असताना अंतर घ्या, मग गाडी नुसती उभी असताना, मग जॅकेट-हेल्मेटसह तुम्ही बसल्यावर. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक हा रायडर सॅग, पहिल्या आणि दुसऱ्यातला फ्री सॅग. खराब रस्त्यावर चालणाऱ्या ॲडव्हेंचर गाडीला रायडर सॅग एकूण ट्रॅव्हलच्या, म्हणजे सस्पेन्शन जास्तीत जास्त जितकं दबू शकतं त्याच्या, पाव ते एक तृतीयांश असावा, असा ठोकताळा आहे.

माझ्या गाडीचं मागचं ट्रॅव्हल १८० मिमी. माझा रायडर सॅग निघाला ७८, म्हणजे ४३ टक्के. जवळजवळ निम्मं सस्पेन्शन मी नुसता बसल्यावरच संपत होतं. प्रीलोड शेवटपर्यंत आवळला. रायडर सॅग ६० वर आला, आकडा छान दिसायला लागला. पण फ्री सॅग २३ वरून ५ वर गेला होता. प्रीलोड आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही, ती फक्त आधीच दाबून ठेवली जाते आणि गाडी वर उचलली जाते. रायडर सॅग बरोबर आणि फ्री सॅग जेमतेम, याचा अर्थ एकच: स्प्रिंग तुमच्या वजनाला मऊ आहे. अशी गाडी उंचवट्यावरून गेली की मागचं चाक पटकन पूर्ण उघडतं आणि जमीन सोडतं.

वजनाला साजेशी कडक स्प्रिंग घातल्यावर माझे आकडे ५८ आणि १४ झाले. मी बसल्यावर गाडी पूर्वीपेक्षा २० मिमी वर राहायला लागली. गाडी उचलणारी एकही पट्टी न लावता तेवढा ग्राउंड क्लिअरन्स परत मिळाला, आणि साइड स्टँडलाही हात लावावा लागला नाही.

पुढच्या फोर्कमध्ये स्प्रिंग बदलणं तुलनेने सोपं. ऑइल आणि सील तशीही बदलायची असतात, तेव्हाच करून घ्या, आणि ऑइल नुसतं बाटलीच्या मापाने न ओतता नळीतली पातळी मोजून भरायला सांगा. मागे काम नाजूक. स्प्रिंग कडक झाली की ती दाबल्यावर परतही जोरात येते, आणि ते परतणं आवरणारं डॅम्पिंग मूळच्या शॉकअपमध्ये बदलता येत नसेल तर गाडी उसळायला लागते. थोडी कडक स्प्रिंग जुना शॉकअप सांभाळून घेतो. फरक जास्त असेल तर रिबाउंड, म्हणजे हे परतणं, बदलता येणारा पूर्ण शॉकअपच घ्यावा लागतो आणि खर्च एकदम वरच्या पायरीवर जातो. हिमालयन ४५० मध्ये पुढचा शोवाचा फोर्क जाड, ४३ मिमीचा आहे, पण त्यात काही फिरवून बदलता येत नाही, मागे फक्त प्रीलोड मिळतो. एक्सपल्स प्रोवर समायोजनाची सोय जास्त आहे, आणि माझ्या मते प्रो घेण्याचं खरं कारण ते आहे, सीटची उंची नाही.

गाडीच उचलली तर

उचलण्याच्या दोन जाती आहेत आणि त्या एकमेकींत मिसळू नका.

पहिली स्वस्त. मागे लिंकेज (शॉकअपला मागच्या चाकाच्या दांड्याशी जोडणारी जोडणी) असलेल्या गाडीत लिंकच्या पट्ट्या वेगळ्या लांबीच्या घालायच्या, की मागचा भाग इंचभर वर येतो. मी केलं ते हेच. यात ट्रॅव्हल वाढत नाही, स्प्रिंग तीच राहते, पेग सीटबरोबरच वर जातात. १४००-१५०० मिमी व्हीलबेसच्या (दोन चाकांमधल्या अंतराच्या) गाडीत मागून २५ मिमी उचललं की अख्खी गाडी साधारण एक अंश पुढे झुकते. फोर्क तेवढा उभा होतो, ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला मिळते तिथून पुढचं चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर) सहा-सात मिलिमीटरने घटतो. शहरात गाडी चटकन वळते, पण हायवेवर मोकळ्या वाऱ्यात आणि भरलेल्या बॅगांसह पुढचं चाक हलकं, अस्थिर वाटतं. हेडलाइटही एक अंश खाली जातो, म्हणजे ३० मीटरवर झोत अर्धा मीटर खाली पडतो. तो लगेच जुळवून घ्यायचा असतो, मी आठवडाभर विसरलो होतो. साइड स्टँड आखूड पडतो आणि गाडी डावीकडे जास्त कलते. उतारावरच्या एका टपरीसमोर माझी अशीच आडवी झाली आणि क्लचचा लिव्हर गेला. सेंटर स्टँड असेल तर त्यावर मागचं चाक नीट उचललं जात नाही. स्विंगआर्मचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो म्हणून चेनचा ढिलेपणाही नव्याने बघायचा.

पुढचा भाग तेवढाच वर घेऊन हे सावरता येईल असं वाटतं, पण फोर्क क्लॅम्पमधून खाली सरकवायला बहुतेक गाड्यांत जागाच नसते. वरून स्पेसर घालून उचललं तर तो नुसता प्रीलोड असतो, आणि फ्री सॅगची वर सांगितलेली गत होते.

दुसरी जात म्हणजे खरी उंच गाडी, जिच्यात ट्रॅव्हलच जास्त आहे आणि पुढचं-मागचं एकत्र जुळवलेलं आहे. २०२० मध्ये एक्सपल्ससाठी आलेली रॅली किट या प्रकारची. किंमत तेव्हा ३८ हजार रुपये. पुढचं ट्रॅव्हल १९० वरून २५०, मागचं १७० वरून २२० मिमी. प्रो बाजारात आली तेव्हा साध्या आणि तिच्या एक्स-शोरूम किमतीत सात-साडेसात हजारांचाच फरक होता. म्हणजे अशी गाडी हवीच असेल तर बाहेरून उचलण्यापेक्षा कारखान्यातूनच उंच आलेली घेणं स्वस्तही आणि बिनघोरही. नोंदणीपत्रातल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली करता येत नाही. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो, आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

उंच गाडी तुमच्या एकट्याची राहते, हेही लक्षात घ्या. ८९१ मिमीच्या गाडीवर साडी नेसलेली आई मागे बसू शकत नाही. घरात एकच दुचाकी असेल तर एवढ्यावरच निर्णय व्हायला हरकत नाही. वजन वर गेल्याने चिखलात थांबलेली गाडी एका पायावर सावरणं लांब पायांनाही जड जातं.

मग कुणी काय घ्यावं

रोजचं ऑफिस, महिन्यातून एखादी कोकणची फेरी, रस्ता डांबरी: सीट आणि रायझर, बस्स. त्यातून उरलेले पैसे हेल्मेटवर घाला. तुमचं डोकं आता काचेच्या वर जास्त निघणार आहे आणि वाऱ्याचा आवाज वाढणार आहे.

वजन ८५-९० किलोच्या वर, वरंध्यासारखे घाट आणि फुटलेले रस्ते नेहमीचे: आधी सॅग मोजा, मग पुढे-मागे स्प्रिंग, आणि सीट त्याच्यासोबत. मी आज याच जोडणीवर आहे. लिंकच्या पट्ट्या काढून मूळच्या बसवल्या.

डोंगरातल्या पायवाटा, नदीपात्रातले गोटे, उड्या, आणि गाडी एकट्याचीच: प्रो किंवा तशीच जास्त ट्रॅव्हलची गाडी. पण तीही घेतल्यावर सॅग मोजा, आणि चाचणी फेरीत किमान अर्धा तास बसून चालवा. पेगवर उभं राहून मन रमतं, तेव्हा गुडघ्याचं काही कळत नाही. घोट्यापासून मांडीपर्यंतचा कोन आरशासमोर किंवा मित्राने बाजूने काढलेल्या फोटोत बघा, आणि आत्ताच्या गाडीवरच्या फोटोशेजारी ठेवून पाहा. दोन्हींत तो सारखाच दिसला, तर नव्या गाडीसाठीही आधी कुशनवाल्याकडेच जावं लागणार आहे.