ओट्यामागच्या टाइल्स: कोकणातला एक पावसाळा काढल्यानंतर

गेल्या एप्रिलमध्ये स्वयंपाकाच्या ओट्यामागे नवीन टाइल्स बसवल्या. आता फेब्रुवारी चालू आहे, म्हणजे दहा महिने झाले. बसवल्या-बसवल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं, म्हणून मुद्दाम पावसाळा जाऊ दिला.

आमचं घर रत्नागिरीत, चिऱ्याचं. ओट्यामागची भिंत नैर्ऋत्येला, त्यामुळे झड थेट तिच्यावर येते. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि चिरा पाणी पिणारा दगड. सासूबाई पूर्वी मे महिन्यातच त्या भिंतीला बाहेरून झावळ्यांची झापं बांधून घ्यायच्या. आम्ही निळी ताडपत्री लावतो, तीही आळस करत. आत २५ वर्षं ऑइल पेंट होता. दर श्रावणात त्याला फोड यायचे, आणि फोडणीचे पिवळे शिंतोडे तर कायमचेच.

पर्याय बरेच पाहिले. पीव्हीसीची संगमरवरासारखी दिसणारी शीट स्वस्त, एका दिवसात काम. पण बहिणीकडे तिची शीट शेगडीच्या उष्णतेने फुगली, आणि काढली तर मागे काळी बुरशी हातभर पसरलेली. ओल भिंतीत कोंडली की दुसरं काय होणार? स्टिकरचा तर विचारच केला नाही. रंगीत काच मनात भरली होती, कारण तिला सांधेच कमी. पण टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, सॉकेटची जागा आधीच ठरवावी लागते. मिक्सर कुठे ठेवायचा यावर आमच्या घरात अजून एकमत नाही, त्यामुळे काच बाद.

शेवटी साध्या सिरॅमिक टाइल्स घेतल्या. १२ बाय २४ इंच, चकचकीत, मळकट पांढऱ्या. दुकानदार खडबडीत, उठावाच्या टाइल्स दाखवत होता. दिसायला सुरेख, पण ज्या घरात आठवड्यातून तीनदा बांगडे तळले जातात तिथे तो उठाव पुसत बसायचं कुणी? मोठी टाइल घेण्यामागे हिशेब एवढाच की सांधे कमी. ओटा एल आकाराचा, एकूण १३ फूट. टाइल ४ फूट उंच लावली, खिडकी वजा करून साधारण ४४ चौरस फूट. पाच बॉक्स पुरले असते, मी सहा घेतले. बॉक्सवरचा बॅच आणि शेडचा नंबर जुळवूनच घ्या, पुढच्या वेळी तोच पांढरा मिळेल याची खात्री नसते.

गवंडी ओळखीचा. त्याची सवय टाइलच्या चार कोपऱ्यांत नि मध्ये सिमेंटचा एकेक गोळा ठेवून चिकटवायची. मी हट्टाने टाइल अ‍ॅडहेसिव्ह आणलं आणि दात्यांच्या थापीने सगळ्या पाठीला पसरायला लावलं. गोळ्यांमध्ये पोकळी राहते, तिथे ओल साचते आणि झुरळांची सोय होते. त्याआधी ऑइल पेंट पूर्ण खरवडून छिन्नीने प्लास्टरवर खाचा पाडल्या. गुळगुळीत रंगावर काहीही नीट धरत नाही. दुसऱ्या दिवशी मी रुपयाच्या नाण्याने प्रत्येक टाइल वाजवून पाहिली. सॉकेटशेजारची एक पोकळ वाजली, ती काढून पुन्हा बसवली. गवंडी म्हणाला, "वहिनी, तुम्ही कलिंगड बघताय काय?"

आता सांध्यांची गोष्ट, आणि खरा अनुभव इथेच आला. टाइलमध्ये २ मिलिमीटरची फट ठेवून ती इपॉक्सी ग्राउटने (राळ आणि हार्डनर कालवून केलेल्या सांधे भरायच्या लगद्याने) भरायची ठरली होती. सिमेंट ग्राउटपेक्षा पुष्कळ महाग, पण पाणी पीत नाही. इपॉक्सी एकदा कालवलं की काही वेळातच घट्ट होतं, आणि उकाड्यात तर फारच लवकर. गवंड्याने सगळं पाकीट एकदम कालवलं. शेगडीमागचा आणि सिंकमागचा भाग झाला, तेवढ्यात त्याला फोन आला. बोलणं संपवून परत येईपर्यंत डब्यात दगड. खिडकीजवळच्या कोपऱ्यापुरतं सिमेंट ग्राउट भरून टाकलं. "काय फरक पडत नाय." मीही दमले होते, हो म्हटलं.

फरक पडला. गणपतीपर्यंत त्या कोपऱ्यातले सांधे काळ्या ठिपक्यांनी भरले. तिथे ओली भांडी निथळायला ठेवतो, शेजारीच भाताचं आधण. जुलैत बाहेरची भिंत गार आणि आत वाफ, त्यामुळे टाइलला अक्षरशः घाम फुटायचा नि पाणी सांध्यात मुरायचं. ब्लीचच्या पाण्याने घासलं की आठ दिवस स्वच्छ, मग पुन्हा ठिपके. बाजारातला अ‍ॅसिडचा क्लीनर मात्र सिमेंटच्या सांध्यांना लावू नका, ते झिजतात. माझा एक सांधा तसा खोल गेलाय. इपॉक्सीच्या सांध्यांवर तेलाचा थर बसतो, त्यावर कधी बुरशीही दिसते, पण साबणाच्या फडक्याने निघून जाते. हळदीचंही तसंच: सिमेंटच्या सांध्यात पिवळी रेघ राहिली. गंमत म्हणजे दिवाळीनंतर खिडकीतून ऊन यायला लागलं तशी ती फिकट झाली. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, हे लुगडी धुणाऱ्या आजीला ठाऊक होतं, मला सांध्याने शिकवलं.

इपॉक्सीचा एक दोष सांगायलाच हवा. टाइलवर सांडलेलं वेळेत ओल्या स्पंजने पुसलं नाही, तर दुधाळ पापुद्रा बसतो. सिंकमागच्या तीन टाइल्सवर तो अजून आहे, सकाळच्या तिरप्या उजेडात हमखास दिसतो.

ओटा आणि टाइल जिथे भेटतात तिथे सिमेंट नको, सिलिकॉन हवं, कारण ग्रॅनाइट किंचित हलतो आणि कडक सांधा तडकतो. आम्ही सिलिकॉन भरलं, पण घाईत साधं आणलं, बुरशीरोधक नाही. ऑगस्टमध्ये ती पांढरी रेघ काळी झाली. ऑक्टोबरात ब्लेडने कापून काढली, सांधा दोन दिवस पंख्याखाली वाळवला आणि नवीन भरली. अजून पांढरी आहे.

टाइलच्या वर, रंगाच्या पट्ट्यात, यंदाही लोणा फुटलाच. त्यात टाइलची चूक नाही. बाहेर पागोळ्यांजवळ प्लास्टरला चीर होती, पाणी तिथून येत होतं. हे काम आधी करायचं होतं, टाइल नंतर. डिसेंबरात बाहेरची चीर बुजवली. उपयोग झाला की नाही ते जुलैत कळेल.

रोजचं पुसणं मात्र सोपं झालंय. सोलकढी उडाली तरी चिंता नाही.

कोपऱ्यातलं सिमेंट खरवडून तिथे इपॉक्सी भरायला गवंडी शिमगा झाल्यावर येतो म्हणालाय. पाकीट आणून ठेवलंय. या वेळी वाटीभरच कालवायचं, आणि त्याचा फोन माझ्याकडे.