ठाणे ते अहमदाबाद: नऊ महिने वंदे भारत आणि विमान

कामानिमित्त मला महिन्यातून एकदोनदा अहमदाबादला, रिलीफ रोडवरील एका कापड पेढीवर जावे लागते. गेले नऊ महिने मी विमान आणि वंदे भारत आलटूनपालटून वापरले आणि दर वेळी मानपाड्यातील घराला कुलूप लावल्यापासून पेढीची पायरी चढेपर्यंत लागलेला वेळ वहीत टिपून ठेवला.

विमान हवेत जेमतेम तासभर असते; पण पहाटे मुंबईचा विमानतळ गाठणे, हाताशी राखलेला जादा वेळ, सुरक्षा तपासणीत लॅपटॉप ट्रेमध्ये काढून ठेवणे आणि पुन्हा भरणे, उतरल्यावर शहरात शिरणे, हे सारे धरून माझे सरासरी पाच तास जातात. वंदे भारतने पावणेसात लागतात. म्हणजे फरक पावणेदोन तासांचा आहे, तिकिटावरील वेळा पाहून वाटतो तसा चार तासांचा नव्हे. शिवाय गाडीतील साधारण साडेपाच तास सलग माझे असतात. वापी येईपर्यंत माझी आदल्या दिवसाची बिले तपासून होतात, आणि मी उतरतो ते थेट कालूपूरला, म्हणजे अहमदाबादच्या मुख्य स्थानकावर, जिथून पेढी रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

माझी खरी अडचण घोडबंदर रस्त्याची आहे. गाडी पकडायची ती बोरिवलीला, आणि जानेवारीत गायमुखच्या चढावर बंद पडलेल्या कंटेनरमागे मी चाळीस मिनिटे अडकलो. धापा टाकत फलाटावर पोहोचलो तेव्हा गाडीचा शेवटचा डबा पुढे सरकत होता. त्या दिवसाचे सगळे काम बुडाले.

परतीचेही जमत नाही. दुपारी तीनच्या सुमारास अहमदाबादहून निघणारी वंदे भारत धरायची तर पेढीवर तीन तासच मिळतात, म्हणून त्याच दिवशी घरी यायचे असल्यास मी येताना विमानच घेतो.

ताशी 130 किलोमीटरच्या गाडीकडून याहून अधिक अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल. तैवानमध्ये 2007 साली हायस्पीड रेल्वे सुरू झाली आणि 2012 पर्यंत तैपेई ते काओशुंग ही विमानसेवा बंद पडली, कारण तिथे रेल्वेचा प्रवास दीड तासावर आला होता. आपल्याकडील मुंबई-अहमदाबाद या 508 किलोमीटरच्या बुलेट ट्रेनचा वेग ताशी 320 किलोमीटर ठरला आहे आणि प्रवास सुमारे दोन तासांचा होणार आहे, त्यामुळे मी तिची मनापासून वाट पाहतो आहे. मात्र तिचे ठाणे स्थानक दिव्याजवळ म्हातार्डी येथे होत आहे. मी मुद्दाम दोनदा सकाळच्या वर्दळीत तिथवर जाऊन पाहिले. मानपाड्याहून दोन्ही वेळा सव्वा तास लागला.