डेन्मार्कचा मॉड: सुरुवात १९४० ची की १९४३ ची?

दुसऱ्या महायुद्धावरच्या व्हिडिओ गेमसाठी डेन्मार्कचा मॉड (चाहत्यांनी मूळ गेममध्ये केलेला बदल) करायचा, तर खेळ कुठून सुरू करावा? ९ एप्रिल १९४० पासून, म्हणजे जर्मनीने हल्ला केला त्या दिवसापासून सुरुवात केली तर लढाई काही तासांतच आटोपते, आणि खेळणारा वैतागतो. पण खरी गंमत त्यानंतर आहे. राजा दहावा ख्रिश्चन देशातच राहतो, सरकार चालू राहतं, मार्च १९४३ मध्ये चक्क संसदेची निवडणूकही होते! इथे सैन्य हलवायचं नाही, जर्मनांना किती द्यायचं याची घासाघीस करायची. १९४२ मध्ये हिटलरने राजाला वाढदिवसाची लांबलचक तार पाठवली, राजाने नुसते आभार मानले, आणि तेवढ्यावरून बर्लिनने राजदूत परत बोलावला. इव्हेंटसाठी (खेळात मध्येच येणाऱ्या प्रसंगासाठी) यापेक्षा भारी मसाला कुठे मिळणार?

२९ ऑगस्ट १९४३ पासूनचा खेळ सरळ वेगवान. सरकार पायउतार, लष्करी कायदा लागू, कोपनहेगनच्या गोदीत नौदल आपलीच जहाजं बुडवतंय. पुढे ऑक्टोबरमध्ये सात हजारांहून जास्त ज्यू कोळ्यांच्या होड्यांतून स्वीडनला निसटतात. घातपात, रेल्वे उडवणं, सगळं हाताशी. फक्त पल्ला छोटा: ५ मे १९४५ ला देश मोकळा. (बॉर्नहोम बेट विसरू नका, तिथे सोव्हिएत फौजा एप्रिल १९४६ पर्यंत होत्या.)

मी १९४० च घेईन. होड्यांच्या त्या रात्री तिथूनही गाठता येतात.