रेनो की होंडा? जून २०१८ मधला रेड बुलचा पेच

समजा, जून २०१८ चालू आहे. तुम्ही इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला, रेड बुल या फॉर्म्युला वन संघाच्या कचेरीत बसलाय आणि पुढच्या मोसमात गाडीत कुणाचं इंजिन घालायचं ते ठरवायचंय. मर्सिडीज आणि फेरारीची दारं २०१५ मध्येच ठोठावून झाली, उघडली नाहीत. उरले रेनो आणि होंडा. दोघांचीही ख्याती अशी, की एकाला सोडून दुसऱ्याकडे जाणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

आधी मोडतं काय ते बघू. २०१४ पासूनच्या या हायब्रिड यंत्रणेत १.६ लिटरचं व्ही-६ टर्बो इंजिन हा त्यातल्या त्यात ओळखीचा भाग. एमजीयू-के ही मोटर ब्रेक लावताना वीज बनवते आणि वेग घेताना साधारण १६० अश्वशक्ती परत देते. खरी डोकेदुखी एमजीयू-एच, वीज बनवणारी दुसरी मोटर. ती टर्बोच्या दांड्याला जोडलेली, आणि तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. तिथे बेअरिंग जरा हललं तरी खेळ खलास. त्यात यंदाचा नियम: २१ शर्यतींना इंजिन, टर्बो आणि एमजीयू-एच प्रत्येकी तीन, बॅटरी, कंट्रोल इलेक्ट्रॉनिक्स आणि एमजीयू-के तर दोनच. त्यावर एक जास्त काढलं की ग्रिडवर, म्हणजे शर्यत सुरू होतानाच्या रांगेत, मागे ढकलतात. म्हणजे एकच बिघाड दोनदा भोवतो.

रेनोचं पारडं वरवर जड आहे. व्ही-८ च्या काळात २०१० ते २०१३ सलग चार विजेतेपदं याच जोडीची. मग हायब्रिड आलं आणि स्पेनमधल्या हेरेथच्या पहिल्या चाचणीत रेड बुलने चार दिवसांत २१ फेऱ्या मारल्या, मर्सिडीजने ३०९. २०१५ मध्ये एकही विजय नाही. पुढे संबंध इतके विटले, की तेच इंजिन टॅग ह्युअर या घड्याळाच्या नावाने धावायला लागलं. (नाव बदलल्याने बेअरिंग टिकत असतं तर काय हवं होतं!) तरी त्यावर शर्यती जिंकता येतात, हे नाकारून चालणार नाही. मेक्सिको २०१७ बघा. विरळ हवेत टर्बोला जास्त राबावं लागतं. तिथे रेड बुलचा रिकार्डो, शिवाय हल्केनबर्ग आणि हार्टली, अशा तिघांच्या रेनो इंजिनाच्या गाड्या बंद पडल्या, आणि जिंकला रेनोवालाच, रेड बुलचा दुसरा चालक व्हरस्टापेन. गेल्याच महिन्यात मोनॅकोत रिकार्डोची एमजीयू-के अर्ध्या शर्यतीच्या आतच गेली, तरी तो जिंकला. पण ते अरुंद, वळणावळणाचं मोनॅको होतं. लांब सरळ रस्त्याच्या ट्रॅकवर एवढी ताकद गमावून कुणी पुढे राहत नाही.

होंडाचा इतिहास बघितला तर तिकडे जायची हिंमतच होऊ नये. २०१५ मध्ये होंडाचं इंजिन घेणाऱ्या मॅकलारेन संघाच्या हट्टापायी सगळं इतकं आटोपशीर बसवलं, की टर्बोच छोटा पडला आणि वीज पुरेना. त्या वर्षी बेल्जियमला मॅकलारेनचे चालक बटन आणि अलोन्सो यांना मिळून १०५ जागांची शिक्षा झाली, ग्रिड वीस गाड्यांची असताना! सुझुकाला, होंडाच्या घरच्या ट्रॅकवर, अलोन्सो रेडिओवर ‘जीपी२ इंजिन’ (जीपी२ म्हणजे एक पायरी खालची स्पर्धा) म्हणून ओरडला. २०१७ मध्ये रचना नव्याने केली तर तेलाची टाकी, कंपनं, एमजीयू-एच, सगळंच बिघडत गेलं. मॅकलारेनने सप्टेंबरात काडीमोड घेतला.

इथवर वाचून रेनोच बरी वाटेल. पण बिघाडांची नुसती मोजदाद करू नका. होंडाच्या दुखण्याला आता एक पत्ता आहे: टर्बो-एमजीयू-एचचा तो दांडा. विमानांची इंजिनं बनवणाऱ्या आपल्याच विभागाला होंडाने त्या कामी मदतीला घेतलंय. यंदा टोरो रोस्सो होंडावर धावतेय, आणि गास्ली दुसऱ्याच शर्यतीत, बहारीनला, चौथा आला. टोरो रोस्सो ही रेड बुलचीच धाकटी पाती, त्यामुळे आतला डेटा घरबसल्या मिळतोय. शिवाय मॅकलारेन रेनोकडे गेली तरी अजून पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांत जागा, नाही, आणि त्याच इंजिनावर रेड बुलने दोन शर्यती जिंकल्यात. म्हणजे गेल्या तीन वर्षांचं सगळं खापर होंडाच्या माथी मारता येणार नाही. रेनोचं मात्र आज टर्बो, उद्या एमजीयू-के. पाचव्या मोसमातही दुखणं एका जागी सापडत नाही.

दुसरा फरक कराराचा. रेनोचा स्वतःचा संघ आहे, तुम्ही गिऱ्हाईक. होंडाला स्वतःचा संघ नाही, त्यामुळे गिअरबॉक्सपासून थंडाव्याच्या मांडणीपर्यंत तुमच्या गाडीचं माप घेऊन इंजिन शिवलं जाईल.

माझा कौल होंडाला, दोन अटींवर: पुढच्याच वर्षी विजेतेपद हवंच असा हट्ट नको, आणि अधूनमधून ग्रिडवर मागे जायची तयारी हवी. तीन वर्षं पोळलेल्या मॅकलारेनकडे ही सवड नव्हती, म्हणून तिचा रेनोचा निर्णयही मी चूक म्हणणार नाही.

रेड बुलने १९ जूनला होंडाचं नाव जाहीर केलं, पण मोसम रेनोवरच संपवायचा होता. हंगेरीत व्हरस्टापेनची एमजीयू-के सहाव्या फेरीतच गेली. पाच दिवसांनी, ३ ऑगस्टला, रिकार्डोने पुढच्या वर्षासाठी संघ निवडला: रेनो.